सुईखालची सातशे वर्षं : जेरुसलेमच्या रझूक घराण्याची वाटचाल

जेरुसलेमच्या जुन्या शहरात जाफा गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला ख्रिस्ती मोहल्ला लागतो. तिथल्या सेंट जॉर्ज स्ट्रीटवर रझूक कुटुंबाचं गोंदणाचं दुकान आहे. इ. स. १३०० पासून हे काम आमच्या घरात आहे, असं हे कुटुंब सांगतं आणि दुकानाच्या नावाखाली तसं छापतंही. सध्याचे कर्ते वसीम रझूक स्वतःला घराण्याची सत्ताविसावी पिढी म्हणवतात. त्यांच्याकडे विजेवर चालणारं आधुनिक यंत्र आहे, एकदा वापरून टाकायच्या सुया आहेत आणि त्यांच्या शेजारीच ऑलिव्हच्या लाकडात कोरलेले, शाईनं काळे पडलेले जुने ठसे आहेत.

सत्तावीस पिढ्यांचा कागदोपत्री पुरावा मागायला गेलं तर तो मिळणार नाही. कारागिरांच्या घरात वंशावळ तोंडी चालते. या घराण्याचा इतिहास तीन गोष्टी जोडून उभा करावा लागतो: घरातली सांगी, हाताशी उरलेले ठसे आणि जेरुसलेमला येऊन गेलेल्या परक्या यात्रेकरूंनी लिहून ठेवलेली वर्णनं. या तिन्हींतून एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा समोर येते. इथे येणारं गिऱ्हाईक अंग सजवायला क्वचितच आलं. बहुतेकांना हवा होता दाखला: मी अमुक धर्माचा आहे, मी इथवर पोहोचलो होतो, अमुक साली पोहोचलो होतो. आणि हा दाखला कुणाला दाखवायचा आहे, यावर तो अंगावर कुठे घ्यायचा हे ठरत आलं.

मनगटावरचा क्रूस

घराण्याचं मूळ इजिप्तमधलं. रझूक हे कॉप्टिक ख्रिस्ती, म्हणजे संत मार्कपासून आपली परंपरा मोजणाऱ्या इजिप्तच्या जुन्या चर्चचे अनुयायी. अंगावर धर्माची खूण करून घेण्याची रीत त्या मुलखात फार जुनी आहे. सहाव्या शतकात गाझाच्या प्रोकोपियसनं यशयाच्या पुस्तकावर भाष्य लिहिलं. त्यात मनगटांवर आणि दंडांवर क्रूस किंवा ख्रिस्ताचं नाव गोंदून घेणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा उल्लेख येतो. बायबलच्या जुन्या करारात, लेवीय १९:२८ मध्ये, अंगावर गोंदण करू नये असं स्पष्ट सांगितलेलं असूनही ही रीत रुजली होती.

खूण कुठे करावी हा प्रश्न त्याहूनही जुना आहे. रोमन राज्यात गुन्हेगाराच्या आणि गुलामाच्या अंगावर डाग देत किंवा गोंदत, आणि तेही अनेकदा कपाळावर, म्हणजे लपवायची सोय नको. सम्राट कॉन्स्टंटाइननं चौथ्या शतकाच्या आरंभी हुकूम काढला की खाणीत कामाला धाडलेल्या कैद्याच्या चेहऱ्यावर खूण करू नये. करायचीच तर हातावर किंवा पोटरीवर करावी. कारण असं दिलं होतं की माणसाचा चेहरा देवाच्या प्रतिमेवर बेतलेला असतो, तो विद्रूप करू नये. चेहरा आणि हात यांच्यातला हा फरक पुढे गोंदणाच्या साऱ्या इतिहासात दिसतो. चेहऱ्यावरची खूण सगळ्या जगासाठी असते. हातावरची खूण मात्र दाखवायची की झाकायची हे माणसाच्या हातात राहतं.

इजिप्तमध्ये या दोन्ही टोकांचा अनुभव कॉप्टांनी घेतला. अरबांचं राज्य आल्यावर आठव्या शतकाच्या सुरुवातीला उसामा इब्न झैद नावाच्या महसूल अधिकाऱ्यानं मठातल्या साधूंच्या हातांवर लोखंडी कड्यानं डाग द्यायला लावले. करातून सूट मिळणारे साधू कोण आणि साधूचं सोंग घेऊन कर चुकवणारे कोण, हे त्याला ओळखायचं होतं. पुढे मामलुकांच्या काळात, १३०१ साली, ख्रिस्ती माणसानं निळं पागोटं बांधावं असा हुकूम निघाला. रझूक घराणं आपल्या धंद्याची सुरुवात सांगतं ती याच सुमाराची. वरून लादलेली खूण आणि आपण होऊन घेतलेली खूण यांच्यात तिथे फार अंतर नव्हतं. सरकार ओळख पटवायला निळा कपडा देत होतं आणि समाज आपली ओळख कातडीखाली घालत होता. कपडा उतरवता येतो, बदलता येतो. कातडीचं तसं नाही.

कॉप्टिक क्रूस आजही बहुधा उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला असतो. आकारानं लहान, निळसर हिरवा, चारही बाहू सारखे. ही जागा नीट विचार करून ठरलेली आहे. ज्या हातानं कॉप्ट माणूस क्रूसाची खूण करतो तोच हा हात. तळवा खाली असला की क्रूस झाकलेला राहतो आणि हात उलटा केला की एका क्षणात दिसतो. चर्चच्या दाराशी पहारेकऱ्यासमोर हात पुढे केला की आत सोडतात. इजिप्तमधल्या चर्चांवर हल्ले वाढल्यावर ही पद्धत जास्तच वापरात आली. लेकरं अगदी लहान असतानाच त्यांना मनगटावर क्रूस देतात. उद्या आईबाप नसले तरी पोर कुणाचं आहे हे कळावं, असं त्यामागचं कारण घरोघरी सांगितलं जातं. संतांच्या उत्सवाच्या जत्रेत पाळणे आणि मिठाईच्या शेजारी गोंदणाऱ्याचंही दुकान असतं.

याच धर्माची इथियोपियातली बाई मात्र कपाळावर क्रूस घेते. तिग्राय आणि अम्हारा भागांतल्या जुन्या पिढीच्या बायकांच्या कपाळावर क्रूस आणि गळ्याभोवती हार घातल्यासारख्या गोंदलेल्या रेघा दिसतात. तिथे शतकानुशतकं ख्रिस्ती राजाचं राज्य होतं, लपवायचं कारण नव्हतं. बोस्नियातल्या कॅथलिक बायका तुर्की अमलात हाताच्या पंजावर आणि मनगटावर क्रूस गोंदून घेत, उद्या पळवून नेऊन धर्म बदलायला लावला तरी हात बदलता येऊ नये म्हणून. कपाळ, पंजा, मनगटाची आतली बाजू: तिन्ही ठिकाणी क्रूसच आहे, पण प्रत्येक जागेमागची भीती आणि धीटपणा वेगळा आहे.

यात्रेचा दाखला

रझूकांचा पूर्वज इजिप्तहून जेरुसलेमला आला तो अठराव्या शतकाच्या मध्यावर, असं घरात सांगतात. यात्रा करायला आला, उंटावरून आणि गाढवावरून वाट कापत, आणि वाटखर्च भागवायला बरोबरच्या यात्रेकरूंना गोंदत. या सांगीला एक आधार आहे: घराण्याच्या ठशांपैकी पुनरुत्थानाचं चित्र असलेल्या एका ठशावर १७४९ हे साल कोरलेलं आहे.

तो आला तेव्हा धंदा मात्र तिथे आधीपासून चालू होता. जाँ द तेवनो हा फ्रेंच प्रवासी १६५८ च्या एप्रिलमध्ये बेथलेहेमला होता. त्यानं आपला सबंध दिवस हात गोंदून घेण्यात घालवला आणि सगळेच यात्रेकरू असं करतात, अशी नोंद केली. हॅम्बुर्गच्या रात्गे स्टुब्बेनं १६६९ साली हातांवर घेतलेल्या गोंदणाची चित्रं नंतर युरोपात छापली गेली. बेथलेहेमचे स्थानिक ख्रिस्ती फ्रान्सिस्कन मठांसाठी दुभाषाचं काम करत आणि त्यातलेच काही गोंदतही. यात्रेकरूला वाट दाखवणारा, त्याची बोली दुसऱ्याला सांगणारा आणि त्याच्या हातावर खूण करणारा, असा तिन्ही कामांचा माणूस एकच.

हे काम कसं चाले ते १६९७ साली हेन्री माँड्रेल या इंग्रज पाद्र्यानं ईस्टरच्या वेळी बारकाईनं पाहून लिहिलं. गोंदणाऱ्याजवळ वेगवेगळ्या चित्रांचे लाकडी ठसे असत. गिऱ्हाईक चित्र पसंत करी. ठशाला कोळशाची पूड लावून तो हातावर दाबला की कातडीवर रेघा उमटत. मग दोन अगदी बारीक सुया एकत्र घट्ट बांधलेल्या असत, त्या बोरूसारख्या पुन्हा पुन्हा शाईत बुडवायच्या आणि उमटलेल्या रेघांवरून टोचत जायचं. शाई बंदुकीची दारू आणि बैलाचं पित्त यांची बनवतात असं त्याला सांगण्यात आलं. काम संपलं की जागा वाइननं धुवायची. जंतू म्हणजे काय हे कुणाला माहीत नसलेल्या काळात वाइननं जखम धुण्याची ही रीत अनुभवातूनच आलेली असणार.

ठशाचा फायदा ध्यानात घ्यायला हवा. ईस्टरच्या दिवसांत गावात हजारोंनी यात्रेकरू येत आणि आठवड्याभरात परतत. प्रत्येकाच्या हातावर हातानं चित्र काढत बसलं तर दिवसाला मोजकीच माणसं होतील. ठसा असला की चित्र काढण्याचं काम क्षणाचं. शिवाय गिऱ्हाईक आर्मेनियन असो, सिरियन असो, ग्रीक असो की इंग्रज, भाषा न येताही बोट ठेवून सांगू शके की हे द्या. ठसा म्हणजे दुकानाचं दरपत्रक, चित्रपेटी आणि दुभाषा, सगळं एका लाकडात. त्यावरची अक्षरं उलटी कोरलेली असत, कातडीवर सुलटी यावीत म्हणून.

चित्रंही ठरलेली होती. मध्ये मोठा क्रूस आणि चार कोपऱ्यांत चार लहान क्रूस असा जेरुसलेम क्रूस सर्वांत जास्त मागितला जाई. पाच क्रूस म्हणजे येशूच्या अंगावरच्या पाच जखमा, असं कुणी सांगे. कुणी मधला येशू आणि बाजूची चार शुभवर्तमानं असा अर्थ लावी. पुनरुत्थान, मरियेला आलेला देवदूताचा निरोप, घोड्यावर बसून अजगराला भाला मारणारा संत जॉर्ज, बाळासह मरिया, देवदूत मिखाएल. चित्राच्या खाली यात्रेचं साल. पुन्हा आलात तर नवं चित्र घ्यायची गरज नसे, जुन्याच्या खाली नवं साल टोचलं की झालं. काही यात्रेकरूंच्या हातांवर अशी सालांची उतरंडच असे.

आपल्याकडच्या वाचकाला हे फार परकं वाटू नये. द्वारकेला जाऊन आलेले यात्रेकरू दंडावर शंखचक्राच्या तापलेल्या मुद्रा उमटवून परतत. आणि खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या बायका सांगत आल्या आहेत की मेल्यावर सोनंनाणं इथेच राहतं, बरोबर येतं ते गोंदण. ईस्टर्न चर्चच्या यात्रेकरूंचाही असाच भरवसा असे: पुनरुत्थानाच्या दिवशी उठलो तर अंगावरच्या खुणेनं आपण ओळखले जाऊ. जेरुसलेमला जाऊन आलेल्या ख्रिस्ती माणसाला आर्मेनियात आणि ग्रीसमध्ये मक्केहून आलेल्या हाजीसारखा मान मिळे. मान मागायला दाखला लागतो, आणि हा दाखला वाटेत चोरीला जात नाही, भिजत नाही.

हात ही जागा या कामाला सोयीची होती. बाही वर केली की गावातल्या लोकांना, धर्मगुरूंना, जावयाला, सुनेला दाखवता येतं. पण हातावरचा दाखला चुकीच्या माणसालाही दिसतो. स्कॉटिश प्रवासी विल्यम लिथगो यानं १६१२ साली जेरुसलेममध्ये हातावर येशूचं नाव, जेरुसलेम क्रूस आणि त्याखाली आपल्या राजाचा, जेम्सचा, मुकुट गोंदून घेतला. आठ वर्षांनी स्पेनमधल्या मालागामध्ये हेर समजून त्याला पकडलं आणि अमानुष छळलं. त्याच्या स्वतःच्या लिखाणानुसार पाखंडी राजाचा मुकुट असलेली ती जागा मुद्दाम ओरबाडून काढण्याचा हुकूम अधिकाऱ्यानं दिला. ज्या खुणेनं तो पुण्यवान यात्रेकरू ठरला होता तिनंच तो दुसऱ्या दरबारात शत्रू ठरला.

राजपुत्र आणि त्यांची मुलं

एकोणिसाव्या शतकात युरोपातून बोटीनं येणं सोपं झालं आणि जेरुसलेमच्या गोंदणाऱ्यांकडे नव्या वर्गाचं गिऱ्हाईक येऊ लागलं. १८६२ साली ब्रिटनचे युवराज, पुढचे राजे सातवे एडवर्ड, यांनी हातावर जेरुसलेम क्रूस गोंदवून घेतला. वीस वर्षांनी, १८८२ मध्ये, त्यांचे दोन्ही मुलगे अल्बर्ट व्हिक्टर आणि जॉर्ज तिथे पोहोचले आणि त्यांनीही तोच क्रूस घेतला. वडिलांना गोंदणाऱ्या माणसानंच आपल्यालाही गोंदलं, असं जॉर्ज यांनी घरी पत्रातून कळवलं. जॉर्ज आदल्याच वर्षी जपानमध्ये हातावर ड्रॅगन गोंदून आले होते. पुढे पाचवे जॉर्ज म्हणून हिंदुस्थानचे सम्राट झालेल्या आणि १९११ साली दिल्लीत दरबार भरवलेल्या या गृहस्थांच्या हातावर एक खूण जपानची आणि एक जेरुसलेमची होती.

राजपुत्रांची सुई नेमकी कुणाच्या हातात होती, यावर दावे वेगवेगळे आहेत. रझूक घराण्यात ही गोष्ट अभिमानानं सांगतात, तर त्या काळच्या कागदांत सुवान नावाच्या गोंदणाऱ्याचाही उल्लेख सापडतो. त्यातून एवढं मात्र दिसतं की तेव्हा जेरुसलेममध्ये गोंदणारी घरं एकाहून अधिक होती आणि त्यांच्यात राजघराण्याचं गिऱ्हाईक मिरवण्याची चढाओढही होती. राजपुत्रांमुळे इंग्लंडच्या उमरावांत गोंदणाची फॅशन आली. जेरुसलेमच्या धंद्याचा गाभा मात्र तिकडून आलेल्या हौशी लोकांवर नव्हता. तो चालत होता इजिप्त, सिरिया, आर्मेनिया इथून दरसाल ईस्टरला येणाऱ्या साध्या माणसांवर.

याकूब: शवपेट्या आणि मोटारीची बॅटरी

वाटचालीतला सर्वांत ठळक माणूस म्हणजे वसीम यांचे आजोबा, याकूब रझूक. ते सुतार होते आणि त्यांचा नेहमीचा धंदा शवपेट्या बनवण्याचा. गोंदणं हा हंगामी व्यवसाय. ईस्टर आला की सुई, बाकी वर्षभर रंधा. लाकडाचा हात असल्यामुळे ठशांची निगा राखणं त्यांना अवघड गेलं नसावं.

याकूब यांनी धंद्यात दोन मोठे बदल केले. विजेवर चालणारं गोंदणाचं यंत्र न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल ओरायली यानं १८९१ साली पेटंट केलं होतं. तसं यंत्र आपल्या मुलखात सर्वांत आधी याकूब यांनी वापरलं, असं घराणं सांगतं. वीज कुठून आणायची, तर मोटारीच्या बॅटरीवर. दोन सुया बोटांत धरून टोचत बसण्याच्या कामाला लागणारा वेळ एकदम कमी झाला. आणि काळ्या शाईखेरीज रंग वापरायलाही त्यांनीच सुरुवात केली. ठसा मात्र तोच राहिला. कातडीवर आधी लाकूड, मग सुई, हा क्रम बॅटरीनं बदलला नाही.

१९५०च्या दशकात याकूब यांच्याकडे जॉन कार्सवेल नावाचा एक तरुण इंग्रज आला. तो जेरिकोमध्ये कॅथलीन केन्यन यांच्या उत्खननात चित्रं काढण्याचं काम करत होता. त्याच्या नजरेला हे ठसे म्हणजे नुसती हत्यारं वाटली नाहीत, लोककलेचा साठा वाटला. त्यानं दीडशेहून अधिक ठशांचे छाप घेतले, कोणतं चित्र कोण घेतं ते याकूब यांना विचारून टिपलं आणि १९५६ साली जेरुसलेममध्ये 'कॉप्टिक टॅटू डिझाइन्स' हे पुस्तक काढलं. दुसरी आवृत्ती १९५८ मध्ये बैरुतहून निघाली. तोंडी चाललेल्या धंद्याला पहिल्यांदाच छापील आधार मिळाला. आज या घराण्याबद्दल आपण जे खात्रीनं बोलू शकतो त्यातलं पुष्कळसं या एका पुस्तकामुळे. कार्सवेल पुढे बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात शिकवू लागले आणि जेरुसलेमच्या आर्मेनियन कॅथेड्रलमधल्या फरशांवरही त्यांनी लिहिलं.

सरहद्दी बदलल्या, गिऱ्हाईक बदललं

या दुकानाची जमाखर्चाची वही कुणी लिहिली असती तर तिच्यातून पश्चिम आशियाचं राजकारण वाचता आलं असतं. १९४८ च्या युद्धानं जेरुसलेमचे दोन तुकडे झाले आणि जुनं शहर जॉर्डनकडे गेलं. पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुटुंबांप्रमाणे गोंदणाऱ्यांनाही पळावं लागलं. धंद्यातली बरीच घरं उखडली, रझूकांचं टिकलं. १९६७ च्या युद्धात जुनं शहर इस्रायलच्या ताब्यात आलं. सिरिया, लेबनॉन, इराक इथल्या ख्रिस्ती माणसाला आता तिथे यायची वाट उरली नाही.

सर्वांत मोठा फटका घरच्या माणसांनीच दिला. इजिप्त आणि इस्रायल यांच्यात कॅम्प डेव्हिड करार झाला आणि १९७९ मध्ये तह. त्यानंतर इजिप्तच्या माणसाला जेरुसलेमला जाता येणं शक्य झालं होतं. पण कॉप्टिक चर्चचे प्रमुख पोप तिसरे शनुदा यांनी आपल्या अनुयायांना जेरुसलेमच्या यात्रेला मनाई केली. मुसलमान बांधवांबरोबर जाता येईल तेव्हाच जाऊ, अशी त्यांची भूमिका होती. शिवाय पवित्र कबरीच्या चर्चच्या छतावरच्या देर अस-सुल्तान मठाचा ताबा १९७० पासून कॉप्टांकडून इथियोपियनांकडे गेल्याचा रागही होता. ज्या समाजातून हे घराणं आलं, ज्या समाजाच्या मनगटावर हे घराणं जगलं, तोच समाज दुकानाच्या दारात यायचा थांबला.

धंदा बंद पडला नाही तो दोन गोष्टींमुळे. आर्मेनियन आणि इथियोपियन यात्रेकरू येत राहिले. आणि युरोप-अमेरिकेतून विमानानं येणाऱ्या यात्रेकरूंची भर पडली. ही माणसं सवयीनं नव्हती आलेली, त्यांच्या आईबापांच्या अंगावर क्रूस नव्हता. त्यांच्यापैकी अनेकांना गोंदण हीच मुळात नवी गोष्ट होती. याकूब यांचे चिरंजीव अँटन यांनी हा पडता काळ सांभाळला.

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये शनुदा यांचे उत्तराधिकारी पोप दुसरे तावाद्रोस हे जेरुसलेमच्या कॉप्टिक आर्चबिशपांच्या अंत्यविधीसाठी तिथे गेले. त्या भेटीनंतर कॉप्टांची वर्दळ पुन्हा वाढू लागली. मनगटांचं गिऱ्हाईक साडेतीन दशकांनी परत दारात आलं.

सत्ताविसावी पिढी

वसीम यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे की त्यांना या धंद्यात यायचं नव्हतं. वडिलांनी एका मुलाखतीत, आपल्यानंतर हे काम बंद पडेल, अशी खंत बोलून दाखवली. ती वसीम यांच्या वाचनात आली आणि त्यांचं मन फिरलं. त्यांनी वडिलांकडून ठसे आणि चित्रांचं ज्ञान घेतलं. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. निर्जंतुकीकरण, एकदाच वापरायच्या सुया, हातमोजे, शाईचा दर्जा या गोष्टी आधुनिक टॅटू स्टुडिओत शिकाव्या लागल्या. वाइननं धुण्यापासून निर्जंतुक पाकिटापर्यंतचा हा बदल त्यांच्याच पिढीत पुरा झाला.

जुनी पद्धत मात्र त्यांनी मोडली नाही. पारंपरिक चित्र मागणाऱ्या यात्रेकरूसमोर आजही ठसे मांडले जातात. ठशाला शाई लावायची, हात ताणून धरायचा, लाकूड दाबायचं, उचलायचं. कातडीवर थोड्या जाड, कुठे तुटक अशा रेघा उमटतात. मग यंत्र त्या रेघांवरून फिरतं, तुटलेल्या जागा सांधत. संगणकावर काढलेल्या चित्राइतकी ती रेघ सफाईदार येत नाही, आणि यात्रेकरूला हवी असते ती हीच, तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हातावर होती तशी.

जागेबद्दलचं गिऱ्हाईकाचं म्हणणं आता बदललेलं दिसतं. कॉप्ट अजून मनगट मागतो. पाश्चात्त्य यात्रेकरू बहुतेक वेळा कोपराखालची आतली बाजू पसंत करतो. तिथे सूर्याचं ऊन कमी पडतं, कातडी सपाट असते, ठसा नीट बसतो आणि कामावर पूर्ण बाहीच्या शर्टात ते झाकता येतं. कुणी खांद्याच्या मागे घेतं: ही खूण जगासाठी नाही, स्वतःसाठी आणि देवासाठी, असं म्हणून. कुणी छातीवर, हृदयाच्या वर. बोटांवर आणि तळव्याच्या कडेला घेतलेली रेघ तिथल्या कातडीच्या झिजेमुळे लवकर पुसट होते, त्यामुळे शेकडो मैलांवरून आलेल्या माणसाला तिथे घेण्याचा सल्ला कुणी जाणता गोंदणारा देत नाही. बरगड्यांवर कातडी हाडाला चिकटलेली असते, तिथे सुई फार लागते. तरीही ती जागा मागणारे असतात. त्यांना वेदना हाही यात्रेचा भाग वाटतो, उपवासासारखा.

सुईची शाई बाहेरच्या कातडीत राहिली असती तर महिन्याभरात कातडीबरोबर झडून गेली असती. ती खालच्या थरात, त्वचेच्या जिवंत भागात जाते. शरीर तिला घुसखोर समजतं आणि पहारेकरी पेशी तिला गिळून बसतात. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगातून दाखवलं की या पेशी मरतात तेव्हा शाई बाहेर पडते आणि लगेच नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. गोंदण टिकतं ते असं, पिढी बदलत राहते आणि शाई जागच्या जागी राहते.

उतार

२०२० मध्ये महासाथीनं यात्रा थांबल्या. जरा सावरतं तोच २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झालं. वसईहून, गोव्याहून, केरळहून निघणाऱ्या पवित्र भूमीच्या सहली रद्द झाल्या, तशाच जगभरातल्या झाल्या. जुन्या शहराच्या गल्ल्या ईस्टरलाही रिकाम्या राहू लागल्या. यात्रेकरूंवर जगणाऱ्या प्रत्येक दुकानाचं जे झालं तेच इथे.

अशा वेळी एक प्रश्न विचारला जातो: ही चित्रं आता जगात सगळीकडे मिळतात, मग जेरुसलेमच्या दुकानाची गरज काय? प्रश्न रास्त आहे. कार्सवेल यांचं पुस्तक छापून सात दशकं होत आली. त्यातली चित्रं उचलून लंडनमध्ये, मेलबर्नमध्ये, मुंबईतही कुणीही चांगला टॅटू कलाकार गोंदून देऊ शकतो, आणि कदाचित जुन्या ठशापेक्षा सुबक. जेरुसलेम क्रूसावर कुणाची मालकी नाही. निव्वळ चित्र विकणारं हे दुकान असतं तर ते केव्हाच बुडालं असतं.

पण चित्राखाली टोचलेलं साल कुठेही घेता येत नाही. कुणी मुंबईत बसून हातावर क्रूस आणि खाली २०२४ घेतलं तर त्याचा अर्थ एवढाच की त्या वर्षी त्याला टॅटू काढावासा वाटला. तेच साल सेंट जॉर्ज स्ट्रीटवर घेतलं तर त्याचा अर्थ असा की त्या वर्षी, युद्ध चालू असताना, तो तिथवर पोहोचला होता. रझूक घराण्यानं जेरुसलेममध्ये पिढ्यानपिढ्या विकलं ते हे पोहोचल्याचं प्रमाणपत्र. तुर्क गेले, इंग्रज गेले, जॉर्डनचा अंमल गेला, तरी या मालाचं मोल उतरलं नाही. उलट वाट जितकी बिकट झाली तितकं वाढत गेलं. घराण्याला ठसे सांभाळणं अवघड नाही, पुढची पिढी शिकवणंही अवघड नाही. यात्रेकरूला दारापर्यंत आणणं त्यांच्या हातात नाही, कधीच नव्हतं, आणि वाटचालीतला प्रत्येक चढउतार तिथेच ठरला आहे.